विश्लेषण : आधी पाहणी, मग आराखडा… पॅट्रिक गेडिस यांची रीत दासगावला कशी लागू पडते?

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुईसह काही गावांवर दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले आणि तळियेवर डोंगर खचला. अशी गावे पुन्हा कशी उभारायची, हा प्रश्न आता वास्तुकला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांपुढेही आहे. ‘शाश्वत’ आणि ‘रिजनरेटिव्ह’, म्हणजे बिघडलेली जमीन आणि पाणी पुन्हा सावरेल अशा रचनेचे प्रकल्प ते करतात. शब्द नवे असले तरी रीत जुनी आहे. ती घेऊन एक दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठात आला होता.

कोण होते गेडिस?

जन्म १८५४, स्कॉटलंडमधील बॅलटर. लंडनमध्ये हक्स्ली यांच्याकडे त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावर डोळे ताणणे पुढे कठीण झाले आणि त्यांचे लक्ष वनस्पतींकडून माणसांच्या वस्तीकडे वळले. लग्नानंतर ते आणि पत्नी ॲना एडिंबराच्या जुन्या, बकाल भागात मुद्दाम राहायला गेले. वाडे पाडण्याऐवजी चुना लावणे, अंगणे मोकळी करणे, पडीक तुकड्यांवर बागा करणे असे काम शेजाऱ्यांबरोबर सुरू झाले. १८८७ मध्ये तिथेच विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे वसतिगृह उघडले. ज्या वस्तीचा अभ्यास, त्याच वस्तीत मुक्काम!

भारतात काय केले?

१९१४ मध्ये त्यांचे नगररचना प्रदर्शन बोटीने भारतात येत होते. जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने ती बोट बुडवली. नवे नकाशे, चित्रे जमवून १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. पुढे अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. सरळ रुंद रस्त्यासाठी घरांची रांग पाडायला त्यांचा विरोध असे. आधी गल्ल्या पायी फिरायच्या, मग मोजकी पडकी घरे काढून हवा-उजेड आणायचा, झाडे आणि विहिरी राखायच्या. यात खर्च कमी आणि बेघर होणारेही कमी.

१९१७ हे वर्ष फार कठीण गेले. एप्रिलमध्ये मुलगा ॲलस्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा आजारी होत्या. गेडिस यांनी त्यांना ते कळू दिले नाही. जूनमध्ये ॲना कलकत्त्यात वारल्या.

त्याच वर्षी होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाणार, असे जाहीर झाले आणि गावभर साफसफाई सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा अजस्र उंदीर होता, तसेच हार घातलेले सफाई कामगारही होते. अर्थात एका दिवसाच्या हाराने त्यांचे जिणे पालटले नाही. शिवाय गेडिस यांचे बरेचसे आराखडे कागदावरच राहिले.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात त्यांचा वाटा होता. घुर्येंनी पुढे तोच विभाग सांभाळला. गेडिस फ्रान्समध्ये माँपेलिए येथे गेले. माळरानाच्या उतारावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवास आणि बाग उभी केली. तिथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

दासगावशी संबंध काय?

गेडिस यांचे सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे दरीचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक रेघ ओढायची आणि प्रत्येक टप्प्यावर माणसे कशावर जगतात ते मांडायचे : लाकूडतोड्या, मेंढपाळ, शेतकरी, कोळी. सावित्री नदी या छेदासाठी जणू तयारच आहे. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून उतरते आणि बाणकोटच्या खाडीला मिळते. दासगाव डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये बसले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर बोटीने दासगाव बंदरातच उतरले होते. अलीकडे महाडच्या पुराची चर्चा निघाली की नदीतला गाळ आणि दासगावजवळच्या रेल्वेपुलाचा भराव यांचे नाव येते.

दासगावसाठी घरांचा आराखडा करायला आलेल्या विद्यार्थ्याला म्हणून आधी वरच्या उतारावर चढावे लागेल, मग भरतीच्या वेळी खाडीवर उभे राहावे लागेल. आणि दरड आली त्या जागी पूर्वी पावसाळ्यात पाणी कुठून फुटायचे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल.