हंबोल्ट आणि कारीपेच्या खोऱ्यांतील पक्षी

अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याचा जन्म ता. १४ सप्टेंबर १७६९ रोजीं बर्लिन शहरीं झाला. मातेच्या निधनानंतर मिळालेलें द्रव्य त्यानें देशाटनाकडे लावलें आणि खाणखात्यांतील चांगली नोकरी सोडून, बाँप्लाँ नांवाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह तो १७९९ च्या जुलईंत दक्षिण अमेरिकेंतील कुमाना बंदरीं उतरला.

त्याच सालीं सप्टेंबरांत हे दोघे कारीपे नदीच्या खोऱ्यांत गेले. तेथें कॅपुचिन पंथाच्या धर्मोपदेशकांचा मठ होता. जवळच्या डोंगरांतील विशाल गुहेंत ग्वाचारो नांवाचे सहस्रावधि पक्षी राहत. दिवसा अंधारांत बसावें व रात्रीं फळें शोधण्यास बाहेर पडावें, असा त्यांचा क्रम. तेथील चायमा लोक दरसाल संत योहानाच्या सणाच्या सुमारास लांब काठ्यांनीं घरटीं पाडून पिलें मारीत व त्यांच्या चरबीचें तेल काढीत. मठाच्या स्वयंपाकघरांतही हेंच तेल चाले, हें नमूद करणें भाग आहे. इतका संहार होऊनही ही जात उरली कशी? गुहेच्या अंतर्भागीं पूर्वजांचे आत्मे वसतात या भयानें चायमा फार आंत जात नसत, हें हंबोल्टनें एक कारण दिलें. ज्या समजुतीस आपण सहज अज्ञान म्हणूं, तिनेंच पक्ष्यांस तारलें!

गुहेंत त्यास आणखी एक नवल दिसलें. पक्ष्यांनीं टाकलेलीं बीजें अंधारांत रुजून फिकट रोपें उगवलीं होतीं. तीं कोणत्या झाडाचीं हेंही ओळखतां येईना. परंतु यावरून हा पक्षी बीजांचा नाशच करतो असें समजूं नये. ताडाच्या व दालचिनीच्या कुळांतील फळांचा गर तेवढा पचवून तो बी सबंध ओकतो. पक्ष्यांच्या अंगावर सूक्ष्म यंत्रें बसवून केलेलें संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, हे पक्षी रोज गुहेंत परतत नाहींत. कित्येक दिवस दूरच्या अरण्यांतील झाडांवरच काढतात. म्हणजे पुष्कळ बीजें रानांतच पडून रुजूं शकतात.

पुढें हंबोल्ट चिंबोराझो पर्वत चढला (१८०२), आणि उंचीप्रमाणें वनस्पती कशा बदलतात हें त्यानें १८०७ च्या ग्रंथांत दाखविलें. ता. ६ मे १८५९ रोजीं तो निवर्तला. व्हेनेझुएला सरकारनें १९४९ सालीं त्या गुहेस त्याचें नांव देऊन संरक्षण दिलें. पण फळझाडांवांचून नुसती गुहा पक्ष्यांस काय कामाची? भोवतालचें अरण्य राखीव होण्यास १९७५ साल उजाडलें.