अंगणात आलेली शाळा

मित्रांनो, ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके तुम्हाला ठाऊक असतील. उंच डोंगर, सागाचे आणि मोहाचे जंगल, भातशेती आणि छोटे छोटे पाडे असा हा मुलूख आहे. एखाद्या पाड्यावर सकाळी गेलात, तर लहान मुलांची गाणी ऐकू येतील. ती मुले अंगणवाडीत जमलेली असतात. अंगणवाडी हा शब्द आज सर्वांच्या ओळखीचा आहे. पण ती कल्पना कोणाची, हे तुम्हाला माहीत आहे का? ती ताराबाई मोडक यांची.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. मुली फारशा शिकत नसत, अशा काळात त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. पगार होता, मानही होता.

त्याच सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे, या विचारात असताना त्यांनी इटलीच्या मादाम मॉन्टेसरी यांचे विचार वाचले आणि वकिली सोडली. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती. मुले गोष्टी ऐकत, खेळत आणि हाताने काम करून शिकत. ताराबाई नोकरी सोडून गिजुभाईंना येऊन मिळाल्या. एका पुस्तकाने एका वकिलाचे आयुष्य बदलले आणि त्याच्या सहवासाने ताराबाईंचे! १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाई मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवू लागल्या. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ताराबाईंच्या मनात एक बोच होती. हे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळत होते. त्याची साधनेही महाग होती. मग गरिबांच्या मुलांचे काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ त्यांना साथ देऊ लागल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तुम्ही असता तर काय केले असते? मुलांना नावे ठेवली असती? ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत गेल्या आणि तेथील अंगणातच शाळा भरू लागली. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू! हीच अंगणवाडी. महाग साधनांची जागा शंख, शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. मुले शिंपले मोजता मोजता अंक शिकली. रानावनातील ओळखीच्या वस्तूच त्यांची पहिली पुस्तके झाली.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुलांच्या अडचणी वेगळ्या होत्या. मोठ्या बहिणीला धाकटे भावंड सांभाळावे लागे. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंड पाळण्यात झोपे आणि बहीण वर्गात बसे. काही मुले दिवसभर गुरे राखत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि झाडाखाली धडा चाले. या शाळेला कुरणशाळा म्हणत.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताईंनी ते काम पुढे चालवले. १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे लहान मूल असेल. आज संध्याकाळी त्याला जवळ घ्या आणि एक गोष्ट सांगा. मूठभर चिंचोके घेऊन त्याच्याबरोबर मोजा. तुमच्या अंगणातही थोडा वेळ ताराबाईंची शाळा भरेल.