गरजेपुरता देव

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी लाल बावट्याच्या मोर्चात घोषणा देणारा कामगार संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांमागे अनवाणी चालताना दिसे. पोथीनिष्ठ पुढाऱ्यांना यात विसंगती दिसे; कामगाराला ती कधी जाणवली नाही. जनतेच्या मनातील या श्रद्धेचा हिशेब खुद्द जोसेफ स्टालिनलाही एकदा मांडावा लागला होता.

स्टालिनचा जन्म १८७८ साली जॉर्जियातील गोरी या गावी, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही कष्टाळू आईची इच्छा. त्यासाठी तिने त्याला प्रथम चर्चच्या शाळेत आणि १८९४ मध्ये तिफ्लिसच्या धर्मविद्यालयात घातले. तेथे त्याने प्रार्थनेपेक्षा क्रांतिकारक वाङ्मयच अधिक वाचले आणि १८९९ मध्ये शिक्षण अपुरे सोडून तो बाहेर पडला. चर्चची भाषा, शिस्त आणि जनमानसावरील तिची पकड मात्र त्याने आतून पाहिली होती.

१९१७ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. १९२५ मध्ये धर्मप्रमुख तिखोन निवर्तले. त्यांच्या जागी नवा धर्मप्रमुख निवडू दिला गेला नाही. १९३१ मध्ये मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे भव्य मंदिर सुरुंग लावून पाडण्यात आले. १९३७-३८ च्या दमनसत्रात हजारो धर्मगुरूंना गोळ्या घालण्यात आल्या. क्रांतीपूर्वी हजारोंनी मोजली जाणारी चर्चे १९३९ पर्यंत काही शेकड्यांवर आली, आणि आपल्या पदावर कार्यरत असलेले बिशप उरले अवघे चार.

२२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या. त्याच दिवशी वृद्ध मेट्रोपॉलिटन सर्जियस यांनी मातृभूमीच्या रक्षणाचे आवाहन केले. ज्या राजवटीने चर्चचा छळ केला, तिच्या मदतीला चर्च प्रथम धावले. पुढे भाविकांच्या वर्गणीतून रणगाड्यांचे एक पथकही उभे राहिले. राजवटीने निरीश्वरवादी नियतकालिके बंद केली. ४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री तर स्टालिनने सर्जियससह तीन मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये पाचारण केले. चारच दिवसांनी १९ बिशपांच्या सभेने सर्जियस यांना धर्मप्रमुख निवडले. चर्चे आणि धर्मशिक्षणाचे वर्ग पुन्हा सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला.

संकटात देव आठवला, असा याचा सोपा अर्थ लावला जातो. परंतु तारखा तसे सांगत नाहीत. स्टालिनग्राड आणि कुर्स्क येथील विजय तोवर पदरात पडले होते. खरे कारण व्यवहाराचे होते. जर्मनव्याप्त मुलखात हजारो चर्चे पुन्हा उघडली होती; तो मुलूख परत घेताना त्यांना कुलूप लावणे म्हणजे जनतेचा रोष ओढवून घेणे. तेहरान परिषद तोंडावर होती, आणि ब्रिटन-अमेरिकेतील लोकमत राखायचे होते. युद्धोत्तर पूर्व युरोपातील ऑर्थोडॉक्स देशांवर वजन टाकण्यासही चर्च उपयोगी पडणारे होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर, राज्यसंस्थेने श्रद्धा ही एक साधनसामग्री मानली आणि टंचाईच्या काळात ती बाजारात परत आणली.

मात्र तिजोरीच्या किल्ल्या राज्यसंस्थेने स्वतःकडेच ठेवल्या. चर्चच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या नव्या मंडळाच्या प्रमुखपदी कारपोव्ह या गुप्त पोलीस खात्यातील अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १९४६ मध्ये युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक चर्च बळाने ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आले. १९५३ मध्ये स्टालिन मरण पावला आणि काही वर्षांतच ख्रुश्चॉव्हच्या कारकिर्दीत हजारो चर्चे पुन्हा बंद पडली. लढाई संपली होती; गरजही सरली होती.

सवलत आणि हक्क यांतला भेद येथे स्पष्ट होतो. सवलत देणाऱ्याच्या सोयीने येते आणि त्याच्या सोयीनेच जाते. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर न सोडता नागरिकाच्या हाती दिले, याचे मोल अशा वेळी कळते. म्हणून कोणतीही राजवट देवळाची पायरी चढू लागली की भाविकाने हुरळून जाऊ नये आणि नास्तिकाने खट्टू होऊ नये. ती कशासाठी चढते आहे, आणि उतरताना काय घेऊन जाणार आहे, एवढे दोघांनीही पाहावे.