मागल्या दाराची विद्या

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १८५१ साली एला शेपर्ड हिचा जन्म झाला, तो गुलामगिरीत. वडिलांनी कष्टाने आधी स्वतःची सुटका विकत घेतली व मग ३५० डॉलर मोजून लेकीची. आईलाही सोडवावयाचे होते. पण मालकिणीने तिला विकण्यास नकार दिला आणि आई दूर मिसिसिपीत नेली गेली.

पुढे बापलेक सिनसिनाटीस गेले. तेथे एलाला पियानोची गोडी लागली. एक शिक्षिका शिकविण्यास तयार झाल्या, पण अट अशी की, तिने रात्री, मागल्या दाराने यावे व कोठे वाच्यता करू नये. असे बारा धडे मिळाले. विद्येसाठी गुरूच्या दारी तिष्ठल्याच्या कथा आपल्या घराण्यांतही आहेत. येथे आड आला तो कातडीचा रंग.

१८६६ साली वडील वारले. दोन वर्षांनी, गाठीला सहा डॉलर घेऊन, ती नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयात दाखल झाली आणि लवकरच तेथे संगीत शिकवू लागली. मुक्त झालेल्यांसाठी निघालेली ही संस्था कर्जाने बेजार होती. म्हणून १८७१ च्या ऑक्टोबरात खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थी घेऊन गायनाच्या दौऱ्यावर निघाले. पियानोवर एलाबाई, तालमीही बहुतांशी त्यांच्याच हाती.

आरंभी ही मंडळी युरोपीय गाणी म्हणत. गुलामीतली भक्तिगीते ती आपसांत, दारे लावून, हलक्या आवाजात गात. त्या गीतांचा कर्ता कोणी एक नव्हता. शेतात राबता राबता, प्रार्थनेला जमता जमता ती अनेकांच्या मुखी घडली होती. ती आईबापांची प्रार्थना होती, आणि तिला गुलामीची आठवणही चिकटलेली होती. शिवाय त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून, प्रसंगी बायकांची सोंगे घेऊन, याच लोकांची टवाळी करीत. अशा प्रेक्षकांपुढे आईचे गाणे मांडावे काय, हा प्रश्न सोपा नव्हता.

अखेर त्यांनी ते मांडले. गाणी आठवून, जमवून, कागदावर उतरविण्यात एलाबाईंचा मोठा वाटा होता. उंच व खर्जाचे स्वर एकत्र गुंफून सर्वांनी मिळून गावयाचे. त्यात एकीचा किंवा एकाचा बडेजाव नाही. मंचावर या तरुणी हावभावाविना, धीरगंभीर उभ्या राहत. टवाळीची सवय असलेल्या श्रोत्यांना कृष्णवर्णीय स्त्रीचे हे रूप नवे होते.

१८७३ साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीने त्यांचे गाणे ऐकले. मिळालेल्या पैशातून १८७६ साली ‘ज्युबिली हॉल’ ही इमारत पुरी झाली. ती आजही उभी आहे. १८७८ मध्ये ते गायकवृंद मोडले. एलाबाई १९१४ साली निवर्तल्या.

गुलामगिरी संपल्यावर त्यांनी आईचा शोध लावला होता. गाण्याने सावरलेल्या त्या संसारात आई नॅशव्हिलला लेकीच्याच घरी राहिली, आणि तिथे ती पुढल्या दाराने आली.