पाण्याची वाट मोकळी ठेवणाऱ्या जोसेफिन कोक्रेन

राइट टाउन (जबलपूर), ८ मार्च : भांडी हाताने न घासता केवळ गरम पाण्याच्या जोरदार झोताने स्वच्छ करणारे यंत्र प्रथमच व्यवहारात यशस्वी करून दाखविणाऱ्या अमेरिकी संशोधक जोसेफिन कोक्रेन यांची आज जयंती. १८३९ मध्ये याच दिवशी ओहायो राज्यातील अ‍ॅश्टाब्युला परगण्यात त्यांचा जन्म झाला. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसताना आणि पतीच्या निधनानंतर कर्ज डोक्यावर असताना त्यांनी घरामागच्या शेडमध्ये जी रचना सिद्ध केली, तिचे मूळ तत्त्व आजच्या डिशवॉशरमध्येही कायम आहे.

कोविडच्या टाळेबंदीत धुण्या-भांड्यांचे काम करणाऱ्या महिलांना घरोघरी जाणे अशक्य झाले, तेव्हा भारतीय शहरांत या यंत्राची मागणी एकाएकी वाढली. जबलपूरच्या राइट टाउनपासून नागपूर, इंदूर, पुण्यापर्यंतच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत ते परके राहिले नाही. त्या काळात घेतलेली यंत्रे आता जुनी होत चालली असून नेहमीच्या तक्रारीही सुरू झाल्या आहेत. ताटांवर अन्नकण तसेच राहतात, पेल्यांवर पांढरा थर बसतो, तळाशी पाणी साचते किंवा दाराखालून ओघळ येतो. या तक्रारींचे मूळ शोधायचे तर कोक्रेन यांच्या विचाराची दिशा उपयोगी पडते. त्यांच्या यंत्रात सारे महत्त्व पाण्याच्या प्रवासाला होते. पाणी आत यावे, तापावे, वेगाने भांड्यांवर आदळावे आणि घाण घेऊन बाहेर जावे. आजचे बहुतेक बिघाड याच प्रवासातील एखाद्या अडथळ्यामुळे होतात.

अभियंत्याच्या घरातील मुलगी

जोसेफिन यांचे वडील जॉन गॅरिस हे स्थापत्य अभियंता होते आणि नदीकाठच्या गिरण्यांच्या कामावर देखरेख करीत. वाफेवर चालणाऱ्या नौकेचे आद्य संशोधक जॉन फिच हे त्यांच्या आजोळच्या घराण्यातील पूर्वज. यंत्रे आणि जलशक्ती यांच्याविषयीची चर्चा जोसेफिन यांच्या कानांवर लहानपणापासून पडत असली पाहिजे. मात्र त्या काळच्या मुलींना त्या क्षेत्रात प्रवेश नव्हता. इंडियाना राज्यातील व्हॅल्परायझो येथे वाढलेल्या जोसेफिन पुढे बहिणीकडे इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे आल्या. १८५८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा विवाह विल्यम कॉक्रन यांच्याशी झाला. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात जाऊन निराश होऊन परतलेल्या विल्यम यांनी कापडाच्या व्यापारात चांगला पैसा मिळविला होता. पतीच्या निधनानंतर जोसेफिन यांनी आडनावाच्या इंग्रजी लेखनात शेवटी एक अक्षर वाढविले आणि त्याच रूपाने त्या पुढे ओळखल्या गेल्या.

कॉक्रन दांपत्याच्या घरी मेजवान्या होत आणि त्यासाठी पिढीजात चिनी मातीची उंची भांडी बाहेर निघत. नोकरांच्या हातून धुताना त्या भांड्यांचे टवके उडू लागले, तेव्हा गृहिणीने ती स्वतः धुण्यास सुरुवात केली. या कामाचा त्यांना लवकरच उबग आला. हाताने घासण्यातच भांड्यांचे नुकसान आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि यंत्राची कल्पना तेथून पुढे सरकली.

मोजमापातून घडलेली रचना

भांडी धुण्याच्या यंत्राचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. १८५० मध्ये जोएल हॉटन यांनी हाताने फिरविण्याच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते, तर १८६५ मध्ये एल. ए. अलेक्झांडर यांच्या यंत्राला पेटंट मिळाले होते. या यंत्रांतून पाणी भांड्यांवर नुसते उडे. भांडी खऱ्या अर्थाने स्वच्छ होत नसत.

कोक्रेन यांनी प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. त्यांनी ताटे, पेले आणि बशा यांची मापे घेतली आणि प्रत्येकाच्या आकाराप्रमाणे तारेचे कप्पे तयार केले. हे कप्पे तांब्याच्या टाकीत आडव्या बसविलेल्या चाकाभोवती रचले. चाक फिरू लागले की तळातून साबणाच्या गरम पाण्याचे फवारे भांड्यांवर येत. भांडे आपल्या जागी घट्ट असल्याने ते दुसऱ्यावर आपटत नसे आणि हाताला सोसणार नाही इतके गरम पाणी वापरता येई.

ही आखणी चालू असतानाच १८८३ मध्ये विल्यम यांचे निधन झाले. मागे सुमारे दीड हजार डॉलर आणि त्याहून अधिक कर्ज उरले. तोपर्यंत घरकामाची सोय म्हणून पाहिलेले यंत्र आता चरितार्थाचे साधन होणे भाग होते. इलिनॉय सेंट्रल रेल्वेतील मेकॅनिक जॉर्ज बटर्स यांच्या साह्याने त्यांनी घरामागच्या शेडमध्ये नमुना उभा केला. त्याआधी ज्या पुरुष कारागिरांकडे त्या गेल्या, त्यांपैकी अनेकांनी त्यांच्या सूचना बाजूला सारून आपल्या मताने बदल केले आणि ते फसल्यावरच मूळ आराखड्याकडे वळले. २८ डिसेंबर १८८६ रोजी कोक्रेन यांना पेटंट मिळाले.

कप्प्यांमागचा हा विचार आजही विसरून चालत नाही. भांडी नीट निघत नसतील तर प्रथम मांडणी पाहावी. वाट्या एकात एक बसविल्या, कढई आडवी टाकली किंवा उंच पातेल्यामुळे फिरणारा स्प्रे आर्म अडला, तर पाणी पोहोचतच नाही. ताटे एकमेकांना न चिकटता उभी आणि पातेली उपडी ठेवावीत. यंत्र सुरू करण्यापूर्वी स्प्रे आर्म हाताने एकदा फिरवून पाहावा. त्याच्या छिद्रांत भाताचे कण, जिरे, मोहरी किंवा क्षार अडकले असल्यास तो काढून वाहत्या पाण्याखाली धरावा आणि छिद्रे टूथपिकने मोकळी करावीत. आर्मला तडा गेला असेल तर तो बदलणेच योग्य. बहुतेक यंत्रांत तो ओढून किंवा एक नट फिरवून निघतो. तारांच्या कप्प्यावरील प्लास्टिकचे आवरण गेल्यास तार गंजते आणि भांड्यांवर तांबूस डाग पडतात. अशा वेळी कप्पा बदलावा. खालची झिजलेली चाके वेगळीही मिळतात.

हॉटेलांच्या दारात

यंत्र तयार झाले, तरी ते विकायचे कसे हा प्रश्न होता. शिकागोतील पामर हाऊस या प्रसिद्ध हॉटेलाने ते घेतले. त्यानंतर कोक्रेन शर्मन हाऊस या हॉटेलात एकट्या गेल्या. वडील किंवा पती यांच्यावाचून कोठेही न गेलेल्या त्या काळच्या स्त्रीला त्या भव्य दालनातून एकटीने चालत जाणे यंत्र बनविण्याहून कठीण वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले होते. तेथून त्या आठशे डॉलरची मागणी घेऊन बाहेर पडल्या. गुंतवणूकदार मात्र कंपनीचा कारभार पुरुषांच्या हाती द्यावा, अशी अट घालीत. ती त्यांनी मान्य केली नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची नऊ यंत्रे उपाहारगृहांत काम करीत होती. उत्कृष्ट रचना, टिकाऊपणा आणि कामाशी सुसंगती यांसाठी त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यानंतर हॉटेलांबरोबर रुग्णालये आणि महाविद्यालयेही ग्राहक झाली. कढत पाण्याने भांडी निर्जंतुक होण्यास मदत होते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. १८९८ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला आणि त्याचे व्यवस्थापन बटर्स यांच्याकडे आले. १९०० मध्ये मिळालेल्या पेटंटातील सुधारित यंत्रात कप्पा पुढे-मागे हले आणि वापरलेले पाणी थेट मोरीत जाई.

पाणी बाहेर जाण्याची ही वाट आजही सर्वांत जास्त तुंबते. तळाशी पाणी उरले तर वीज बंद करून प्लग काढावा, नळ बंद करावा आणि तळातली गाळणी काढून धुवावी. दर आठवड्याला ती धुतली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. नंतर बाहेर जाणारा पाइप भिंतीशी दुमडला आहे का, ते पाहावे. तरीही पाणी हलले नाही, तर पंपाचे छोटे चक्र काचेचा तुकडा किंवा चिंचोका यांमुळे अडलेले असू शकते. साचलेले पाणी स्पंजने टिपून हातमोजा घालून तो तुकडा काढावा. पाणी आतच येत नसेल, तर नळाला जोडलेल्या पाइपच्या तोंडाची बारीक जाळी तपासावी. ती मोकळी असूनही पाणी येत नसल्यास आतील व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

दाराखालून गळती होत असल्यास प्रथम दाराभोवतीचे रबर, म्हणजे गास्केट, ओल्या कापडाने पुसावे. ते कडक झाले किंवा चिरले असेल, तर त्याच मॉडेलचे नवे आणावे. जुने खोबणीतून ओढून काढावे, खोबण स्वच्छ करावी आणि नवे रबर कोमट पाण्यात भिजवून मऊ झाल्यावर वरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना दाबत बसवावे. मात्र सिंकवरचा साबण यंत्रात टाकल्यास त्याचा फेस दाराबाहेर येतो. अशा वेळी दोष रबराचा नसतो.

घराच्या उंबरठ्यावरचे अपयश

ज्या गृहिणींसाठी कोक्रेन यांनी यंत्र बनविले, त्यांच्याच घरांत ते पोहोचेना. किंमत अधिक होती. घरगुती बंबांतून पुरेसे गरम पाणी मिळत नसे. अनेक ठिकाणी पाणी जड असल्याने साबणाला फेस येत नसे आणि भांड्यांवर थर उरे. भांडी धुणे हे दिवसअखेरचे निवांत काम वाटते, असे सांगणाऱ्या स्त्रियाही होत्या. घरातली खर्चाची सूत्रेही बहुधा पुरुषांच्या हाती असत.

जड पाण्याचा प्रश्न जबलपूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. भेडाघाटचे संगमरवरी कडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या ज्या क्षारांचे आहेत, त्यांच्याच जातीचे क्षार जड पाण्यातून पेल्यांवर पांढरे उतरतात. आजच्या अनेक यंत्रांत पाणी मृदू करणारा रेझिनचा कप्पा असतो आणि त्याची क्षमता टिकविण्यासाठी डिशवॉशरचे जाड मीठ लागते. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांनी पाण्याची कठीणता तपासून यंत्रातील मिठाचे प्रमाण त्याप्रमाणे ठरवावे. जेवणातले बारीक मीठ वापरू नये. पांढरा थर राहिला तर मिठाचा आणि रिन्स एडचा कप्पा आधी पाहावा; यंत्र निकामी झाले असे लगेच समजू नये.

पाणी तापत नसेल, यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा फ्यूज वारंवार उडत असेल, तर मात्र घरगुती उपाय थांबवून तंत्रज्ञाला बोलवावे. वॉरंटी चालू असताना यंत्र उघडू नये. भाग मागविताना दाराच्या कडेला असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक सांगावा. सारखे दिसणारे रबर किंवा पंप प्रत्येक यंत्राला बसतोच असे नाही.

मृत्यूनंतरचे यश

कोक्रेन अखेरपर्यंत व्यवसायात सक्रिय होत्या. १९१२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन तेथील हॉटेलांना यंत्रे विकली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, शिकागो येथे त्यांचे निधन झाले. शेल्बीव्हिलच्या ग्लेनवुड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्या शेवटच्या सुधारणेचे पेटंट १९१७ मध्ये, मृत्यूनंतर, मंजूर झाले.

१९२६ मध्ये होबार्ट कंपनीने त्यांचा उद्योग विकत घेतला आणि १९४९ मध्ये किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला. स्वयंपाकघरातले कष्ट हलके व्हावेत, हा कोक्रेन यांचा मूळ हेतू त्यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी घराच्या उंबरठ्यावर पोहोचला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.