वारा साठविणारे गुरुजी

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर आणि सांगली जिल्ह्यातील ढालगावच्या परिसरात उंच पवनचक्क्या उभ्या आहेत. पावसाळ्यात वारा जोराचा असला, की त्या भरपूर वीज देतात. वारा पडला, की त्यांची पाती स्तब्ध होतात. उन्हापासून मिळणाऱ्या विजेचेही असेच आहे. दिवा हवा असतो रात्री आणि सूर्य तर सायंकाळीच मावळतो! मग ही वीज साठवावी कशी? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्क देशातील एका शिक्षकाने या प्रश्नाचा ध्यास घेतला. त्यांचे नाव पौल ला कूर.

ला कूर यांचा जन्म १८४६ साली झाला. त्यांचे बालपण शेतमळ्यावर गेले. पुढे हवामानशास्त्राचा अभ्यास करून ते राजधानीतील हवामान संस्थेत अधिकारी झाले. तारायंत्राविषयीच्या शोधांमुळे त्यांची कीर्ती झाली. परंतु मानाची ही जागा सोडून १८७८ साली ते आस्कोव्ह नावाच्या खेड्यातील विद्यालयात शिकवू लागले. तेथे शेतकऱ्यांची तरुण मुले शिकत असत.

त्या काळी शहरांत विजेचे दिवे येऊ लागले होते. खेडी मात्र अंधारातच होती. खेड्यांनाही विजेचा लाभ व्हावा, ही ला कूर यांची तळमळ होती. डेन्मार्कमध्ये कोळसा फारसा मिळत नसे; पण वारा विपुल होता. १८९१ साली सरकारच्या साहाय्याने त्यांनी विद्यालयाजवळ पवनचक्की उभारली आणि तिला वीज निर्माण करणारे यंत्र जोडले.

आता प्रश्न उरला साठवणीचा. योग्य द्रव्य मिसळलेल्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला, की पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू मिळतात. हायड्रोजन जळताना उष्णता देतो आणि ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचे पुन्हा पाणीच होते. त्यातून धूर निघत नाही, की राख उरत नाही. ला कूर यांनी वाऱ्याच्या विजेने हे वायू तयार करून टाक्यांत साठविले. १८९५ पासून त्यांवर विद्यालयातील दिवे जळू लागले.

हे काम जोखमीचे होते. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला गेला, तर एका ठिणगीनेही स्फोट होतो. असे स्फोट होऊन विद्यालयाच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा फुटली. ला कूर नवी तावदाने बसवीत आणि प्रयोग पुढे चालू ठेवीत. सुमारे सात वर्षे ते दिवे जळत राहिले. १९०२ च्या सुमारास त्यांच्या जागी विजेचे दिवे आले.

पवनचक्कीची पाती कशी असावीत, याचेही त्यांनी प्रयोग केले. थोडी पण वेगाने फिरणारी पाती वीज निर्माण करण्यास अधिक उपयोगी पडतात, असे त्यांना आढळले. हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९०४ पासून खेड्यांतील तरुणांना ते विजेच्या कामाचे शिक्षण देऊ लागले. १९०८ साली त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगावी वीज नेली.

आज सूर्याच्या व वाऱ्याच्या विजेने पाण्यातून मिळविलेल्या हायड्रोजनला हरित हायड्रोजन म्हणतात. त्याच्या निर्मितीसाठी भारत सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. ज्या मार्गाने आज मोठमोठे देश निघाले आहेत, त्या मार्गावरील पहिल्या पावलांपैकी एक खेड्यातील एका शिक्षकाने टाकले होते.