जॉन पोस्टेल : नंबर वाटणारा दाढीवाला

लिनक्स लॅबमध्ये ज्यांनी चार दिवस जरी काम केलंय त्यांना २२ हा आकडा पाठ असतो. दुसऱ्या मशीनमध्ये शिरायचं तर एसएसएच, आणि एसएसएच म्हणजे पोर्ट २२. आता तर अ‍ॅन्सिबलसारखी साधनं आहेत. एका फाईलमध्ये लिहायचं की अमुक पॅकेज हवं, तमुक सर्व्हिस चालू हवी, आणि एंटर मारलं की चाळीसच्या चाळीस सर्व्हर ओळीने अपडेट! तेसुद्धा बहुतेक वेळा याच २२ नंबरच्या दारातून आत जातं. पण मित्रांनो, हा २२ ठरवला कुणी? व्हायवात हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणही विचारत नाही.

ज्या ऑफिसातून हा नंबर निघाला ते ऑफिस म्हणजे खरं तर एक माणूस होता. त्याच्याबरोबर जॉइस रेनॉल्ड्स नावाची एक सहकारी. माणसाचं नाव जॉन पोस्टेल. लांब दाढी, वाढलेले केस, पायात सँडल. सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरात गायब. आपल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सहज खपला असता. त्याने कंपनी काढली नाही, शेअर विकले नाहीत, त्यामुळे गेट्स आणि जॉब्जच्या चरित्रांशेजारी त्याचं चरित्र दिसत नाही.

जन्म ६ ऑगस्ट १९४३, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावी. शाळा लॉस एंजेलिसमधली व्हॅन नाइज हायस्कूल. गंमत बघा, विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघंही त्याच शाळेचे! एकाच शाळेतून इंटरनेटचे तीन खांब निघावेत हा योगायोगच म्हणायचा. पुढे यूसीएलएमधून १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची डिग्री, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी.

यूसीएलएत तो लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये होता, आणि अर्पानेटचा पहिला नोड तिथेच बसला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मशीनवर लॉगिन करायचा पहिला प्रयत्न झाला. एल गेला, ओ गेला आणि समोरचं मशीन झोपलं. म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणं आणि सर्व्हर क्रॅश होणं, दोन्ही एकाच दिवशी जन्माला आले!

या पोरांनी (होती तर पीजीची पोरंच) जे ठरवलं ते क्रॉकरने एप्रिल १९६९ पासून कागदावर आणायला सुरुवात केली. त्या कागदांना नाव दिलं आरएफसी, म्हणजे मतं मागवण्याची विनंती. आम्ही सांगतो तसंच करा असा सूर कुठेही नको, म्हणून इतकं नरम नाव. या आरएफसींचा संपादक झाला पोस्टेल, आणि मरेपर्यंत तोच राहिला. जवळजवळ तीस वर्षं! आलेला प्रत्येक मजकूर वाचायचा, चुका काढायच्या, नंबर द्यायचा. आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांच्या सप्टेंबर १९८१ च्या ७९१, ७९२, ७९३ या आरएफसींवर संपादक म्हणून त्याचंच नाव आहे. ईमेल ज्यावर चालतो तो एसएमटीपी म्हणजे आरएफसी ८२१, तो १९८२ मध्ये त्याने स्वतः लिहिला. नको असलेल्या मेलचं काय करायचं यावर तर त्याने १९७५ मध्येच एक पानभर लिहून ठेवलं होतं. आपला इनबॉक्स बघता कुणी फारसं ऐकलेलं दिसत नाही.

आता नंबरांकडे येऊ. मे १९७२ मध्ये आरएफसी ३४९ मध्ये पोस्टेलने सुचवलं की सॉकेटचे नंबर वाटणारा कुणी एक जण असावा, झारसारखा. आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकून स्वतःचं नाव पुढे केलं. दुसऱ्या कुणाला हे रटाळ काम नकोच होतं. झालं, नेमणूक पक्की! १९७७ मध्ये तो मरीना डेल रे इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि ती यादीही त्याच्यासोबत आली. पुढे या कामाला आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं. एफटीपीला २१, टेलनेटला २३, मेलला २५, डीएनएसला ५३. वेब आलं तेव्हा त्याला ८०.

२२ ची गोष्ट १९९५ ची. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले. तिथल्या टाटू युलोनेनने वैतागून एसएसएच लिहिलं. टेलनेट आणि एफटीपी या दोघांनाही ते रिटायर करणार होतं आणि त्या दोघांच्या मधला २२ मोकळा होता. जुलैमध्ये त्याने आयएएनएला एक मेल टाकला. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्सचं उत्तर आलं, २२ तुमचा. फॉर्म नाही, फी नाही, तीन सह्या नाहीत. आपल्याकडे बोनाफाईड सर्टिफिकेट काढायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पण पोस्टेलचं मला सगळ्यात भारी वाटलेलं काम वेगळंच आहे. अर्पानेट सुरुवातीला एनसीपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालायचं. ते काढून टीसीपी-आयपी आणायचं ठरलं. काही शे होस्ट, देशभर पसरलेले, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. अ‍ॅन्सिबल सोडा, एकसारखा कंपायलरसुद्धा नाही. प्रत्येक मशीनचा मालक वेगळा. अशा वेळी सगळ्यांना अपडेट कसं करणार?

नोव्हेंबर १९८१ मध्ये पोस्टेलने आरएफसी ८०१ लिहिला. हा म्हणजे अख्ख्या नेटवर्कच्या अपग्रेडचा प्लॅन. १९८२ हे वर्ष तयारीचं. ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही प्रोटोकॉल एकत्र चालवायचे. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांच्यासाठी मधे रिले मशीन ठेवायची, म्हणजे जुन्या मशीनवरचा माणूस रिलेवर चढून नव्या मशीनवर जाईल आणि मेलही तसाच पुढे सरकेल. १ जानेवारी १९८३ ला एनसीपी बंद! तरी लोक ऐकेनात. शेवटी सबमिशनच्या आदल्या रात्रीच फाईल उघडणारी जमात सगळ्या देशांत असते. म्हणून १९८२ च्या मध्यात एक दिवस एनसीपी मुद्दाम बंद करण्यात आलं. ज्यांची तयारी नव्हती त्यांचा नेट गेला, बोंबाबोंब झाली. काही महिन्यांनी पुन्हा दोन दिवस बंद. तेव्हा कुठे सगळे कामाला लागले. १ जानेवारीला खरोखर बदल झाला. काही जण रखडले, त्यांना पुढे थोडे महिने सूट द्यावी लागली, आणि यातून वाचलेल्यांनी चक्क बिल्ले छापून छातीवर लावले. इतकं मोठं अपग्रेड आणि सेंट्रल कंट्रोल नाहीच. एक तारीख, एक कागद, आणि कागद लिहिणाऱ्यावर विश्वास.

त्या काळात कुठलं मशीन कुठल्या पत्त्यावर आहे याची एकच टेक्स्ट फाईल होती. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ठेवायची, आणि प्रत्येक होस्टने ती अधूनमधून एफटीपीने उतरवून घ्यायची. होस्ट वाढले तशी फाईल फुगली. पोस्टेलने हा प्रश्न शेजारच्या पॉल मोकापेट्रिसकडे सोपवला, आणि त्यातून १९८३ मध्ये डीएनएस आलं. आता एका फाईलऐवजी झाड. झाडाच्या मुळाशी रूट सर्व्हर, त्यांना फक्त डॉटकॉम कुठे विचारायचं, डॉटइन कुठे विचारायचं एवढंच माहीत.

देशांच्या दोन अक्षरी नावांबद्दल पोस्टेलने एक हुशारी केली. कुठला देश खरा आणि कुठला नाही हे आपण ठरवायचंच नाही. आयएसओची तयार यादी घ्यायची आणि मोकळं व्हायचं! त्या यादीप्रमाणे मे १९८९ मध्ये डॉटइन नोंदलं गेलं, आणि २००५ पर्यंत ते सांभाळलं आपल्या मुंबईने. जुहूच्या एनसीएसटीने.

१९९३ पासून डॉटकॉमचं रजिस्ट्रेशन आणि रूटची मुख्य फाईल अमेरिकन सरकारच्या कंत्राटाने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होती. १९९५ मध्ये तिने डोमेनला दोन वर्षांचे शंभर डॉलर आकारायला सुरुवात केली. एकाच कंपनीच्या हातात सगळं, हे पोस्टेलसारख्यांना खटकत होतं. जुलै १९९७ मध्ये तिथे डॉटकॉमची बिघडलेली फाईल तयार झाली. तपासणीने धोक्याची सूचना दिली होती, ड्युटीवरच्या माणसाने ती बाजूला सारली आणि फाईल सर्व्हरवर गेली. काही तास असंख्य साइट सापडेनात. अपडेट ढकलण्याआधी वॉर्निंग वाचा असं सर लोक का सांगतात ते यावरून कळावं.

आता २८ जानेवारी १९९८. ही तारीख नीट समजायला थोडी थिअरी लागेल. तेव्हा तेरा रूट सर्व्हर होते. त्यातला ए हा मुख्य, नेटवर्क सोल्युशन्सचा. बाकीचे बारा ठराविक वेळाने त्याला विचारायचे की तुझ्या फाईलचा सिरियल नंबर वाढला का? वाढला असेल तर नवी फाईल उतरवून घ्यायची. मास्टर कोण, हे प्रत्येक सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. फक्त आयपी अ‍ॅड्रेस. ती ओळ ज्याच्या हातात, त्याच्या हातात इंटरनेटची नावं.

त्या दिवशी पोस्टेलने बारांपैकी आठ जणांना मेल केला, की मास्टर म्हणून ए ऐवजी आयएएनएचं मशीन लिहा. कुणाला पगार तो देत नव्हता. काही सर्व्हर अमेरिकेत, एक स्टॉकहोममध्ये, एक लंडनमध्ये, एक टोकियोत. आठही जणांनी ओळ बदलली. जॉनने सांगितलंय ना, मग झालं! उरलेले चार नासा, लष्कर आणि खुद्द नेटवर्क सोल्युशन्सकडे होते, त्यांना त्याने विचारलंच नाही. फाईलमधला मजकूर तोच ठेवला, त्यामुळे जगात कुणाला काही जाणवलं नाही. पण आता रूटचे दोन मालक झाले होते. पोस्टेलने मनात आणलं असतं तर नवं डोमेन घालू शकला असता, आणि अर्ध्या जगाला ते दिसलं असतं, अर्ध्याला नाही.

वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. अध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांचा फोन आला, विद्यापीठाच्या वरिष्ठांपर्यंत गोष्ट गेली. पोस्टेलचं म्हणणं होतं की ही चाचणी आहे, मास्टर बदलायची वेळ आली तर ते सुरळीत होईल का हे बघायचं होतं. साधारण आठवड्याभरात सगळं पूर्ववत झालं. दरम्यान ३० जानेवारीला सरकारने डोमेनच्या कारभाराचा आपला मसुदा जाहीर केला होता.

खरंच चाचणी होती का? मला वाटतं, चाचणीही होती आणि इशाराही. दोन दिवसांत मसुदा येणार हे माहीत असलेला माणूस नेमका तोच आठवडा उगाच निवडत नाही. होस्टेलच्या विंगमध्ये कुणी आपला राउटर उलटा जोडला आणि तो सगळ्यांना आयपी वाटू लागला की काय गोंधळ होतो ते आपण जाणतो. फरक एवढाच की इथे राउटर जोडणारा माणूस स्वतः नेटवर्क बांधणारा होता आणि त्याने एकही पॅकेट हरवू दिलं नाही. तरीही सरकारचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. एका माणसाच्या मेलवर जगाचं रूट फिरतं, तो माणूस कितीही चांगला असला तरी. उद्या तो नसला तर?

आणि झालंही तसंच. कारभार एका नव्या संस्थेकडे द्यायचं ठरलं, त्याची कागदपत्रं तयार करण्यात पोस्टेलनेच ते वर्ष घालवलं. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन स्थापन झाली. पोस्टेलच्या हृदयाच्या झडपेवर १९९१ मध्ये एकदा शस्त्रक्रिया झाली होती. ती झडप पुन्हा बदलावी लागली, त्यातून गुंतागुंत झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला. वय ५५. आयकॅनला जेमतेम सोळा दिवस झाले होते.

रूटवरची अमेरिकन सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. रूट सर्व्हरची नावं अजून तेराच आहेत, मागची मशीन मात्र जगभर हजाराहून जास्त. पोस्टेल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विंट सर्फने त्याच्यावर लिहिलं, आणि ते कुठल्या पेपरात न छापता आरएफसीच्याच मालिकेत टाकलं. प्रोटोकॉलच्या रांगेत ती श्रद्धांजली बसलेली आहे, कुणीही उतरवून वाचावी. नंबर २४६८.